कुस्तीची वेळ आणि अंगातले घड्याळ



जत्रेतला कुस्त्यांचा फड तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. दुपार कलली की हलगी कडाडू लागते. आधी रेवड्यांच्या कुस्त्या, त्यांत अगदी चिमुरडी पोरे. मग थोडी जाणती मुले. आणि उन्हे पार उतरली, दिवस मावळायला आला, म्हणजे मोठ्या इनामाच्या जोडी मैदानात येतात. अशा एखाद्या फडात नववी-दहावीतला एक पोरगा आपल्यापेक्षा थोराड मुलाला अस्मान दाखवतो. लोक फेटे उडवतात, कोणी त्याच्या हातावर नोट ठेवतो, आणि "पोरगं गावाचं नाव काढणार" असे जो तो म्हणू लागतो.

पुढे शाळांच्या कुस्त्या तालुक्याच्या गावी लागतात. हा पोरगा रोज शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत तालमीत घुमणारा. त्या दिवशी मात्र त्याला पहाटे तीनला उठवतात, जीपगाडीत कोंबतात. सातला वजन, नऊला पहिली कुस्ती. आणि संध्याकाळच्या फडात वाघासारखा लढलेला तो गडी सकाळी समोरच्याचा पटसुद्धा धड काढू शकत नाही. हां हां म्हणता कुस्ती जाते. गुरुजी म्हणतात, "घाबरला." वस्ताद म्हणतात, "मेहनत कमी पडली." आणि आजी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला बसते.

यांतले एखादे कारण खरे असेलही. परंतु आणखी एक कारण असते, आणि ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते कारण म्हणजे घड्याळ. भिंतीवरचे नव्हे, पोराच्या अंगातले. त्या घड्याळाविषयी आज तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

अंगात घड्याळ असते ही कल्पना तशी जुनी आहे. तुमच्या बांधावरचे लाजाळूचे झाड घ्या. दिवसा त्याची पाने उघडतात, रात्री मिटतात. कोणीही म्हणेल, सूर्य उगवला म्हणून उघडली, मावळला म्हणून मिटली. १७२९ साली द मेराँ नावाच्या एका फ्रेंच शास्त्रज्ञाने असे एक झाड अंधाऱ्या जागेत ठेवून पाहिले. मौज अशी की तिथे उजेडाचा किरण नसतानाही पाने दिवसाच्या वेळी उघडत राहिली आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. म्हणजे दिवस-रात्रीचा हिशोब झाड स्वतःच्या आत ठेवत होते.

माणसाचेही तसेच आहे. १९३८ साली अमेरिकेतले नॅथॅनिएल क्लाइटमन हे शास्त्रज्ञ एका तरुण सहकाऱ्याला बरोबर घेऊन केंटकी राज्यातल्या मॅमथ नावाच्या प्रचंड गुहेत ३२ दिवस राहिले. आत ऊन नाही, कोंबड्याची बांग नाही, गारव्यातही फरक नाही. तिथे त्यांनी २४ तासांऐवजी २८ तासांचा दिवस पाळून पाहिला. तरुण सहकाऱ्याचे अंग त्या नव्या दिवसाला रुळले; क्लाइटमन यांचे अंग मात्र जुना २४ तासांचा ताल सोडायला तयार होईना. या एका प्रयोगात दोन गोष्टी दिसल्या. अंगाचा स्वतःचा ताल असतो ही एक, आणि तो सर्वांच्या बाबतीत सारखा लवचीक नसतो ही दुसरी.

आज आपल्याला माहीत आहे, की हे मुख्य घड्याळ मेंदूत असते. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या थोडे वर सुमारे २०,००० पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. सकाळचा उजेड डोळ्यांवाटे तिथे पोचतो आणि रोजच्या रोज हे घड्याळ लावले जाते, जसे आपण जुन्या घड्याळाला रोज किल्ली देऊन काटे जुळवून घ्यावेत. एवढेच नव्हे, तर स्नायू, यकृत, हृदय यांच्या पेशींतही लहान लहान घड्याळे चालू असतात. पेशीच्या आत हे घड्याळ चालते कसे, हे फळांवर बसणाऱ्या चिमुकल्या माश्यांवर अभ्यास करून ज्यांनी उलगडले, त्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या घड्याळाचा कुस्तीशी काय संबंध, ते पाहू.

आपल्या अंगाची ऊब दिवसभर एकसारखी नसते. पहाटे चार-पाचच्या सुमारास ती सर्वांत कमी असते. मग ती हळूहळू चढत जाते आणि दुपारी चारनंतर, संध्याकाळच्या सुमारास सर्वांत वर पोचते. हा चढउतार साधारण एक अंश फॅरनहाइटचा, कधी त्याहून थोडा अधिक असतो. तुम्ही म्हणाल, एका अंशाने काय होते? पण थंडीच्या दिवसांत काकवीचे भांडे कलते करून पाहा. धार कशी सावकाश पडते. तेच भांडे जरा चुलीजवळ ठेवले की धार मोकळी होते. अंगाचेही काहीसे असेच आहे. ऊब वाढली की स्नायू लवकर आखडतात आणि लवकर सैल होतात, मेंदूचा निरोप नसांतून वेगाने जातो, सांध्यांचा ताठरपणा कमी होतो.

म्हणूनच हाताच्या पकडीचा जोर, पायांचा झटका, उंच उडी अशा गोष्टी मोजून पाहिल्या, तर दुपारी चार ते रात्री आठ या वेळेतले आकडे सकाळपेक्षा बहुधा वरचढ निघतात. हा फरक शेकडा तीन-चारपासून दहापर्यंत, कधी त्याहूनही जास्त आढळला आहे. नामांकित, कसलेल्या खेळाडूंत तो फारच कमी दिसतो. अथेन्स २००४ पासून रिओ २०१६ पर्यंतच्या चार ऑलिंपिकांतल्या पोहण्याच्या शर्यतींचा हिशोब मांडला, तेव्हा सायंकाळी पाचच्या सुमाराची वेळ सर्वांत चांगली ठरली. फरक मात्र शेकडा अर्ध्यापेक्षाही कमी होता. पण बरोबरीच्या खेळाडूंत सोने आणि रुपे यांच्यामध्ये अंतर तरी याहून किती असते?

इथे एखादा चाणाक्ष गुरुजी मला अडवील आणि विचारील, "अहो, कुस्ती काही एकट्याची नसते. सकाळी नऊला आमचा पोरगा मंद, तर समोरचाही मंदच असणार. दोघांचे घड्याळ सारखेच. मग हार-जीत घड्याळावर कशी?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि खरी मेख इथेच आहे. वेळ दोघांनाही सारखीच असते. तिला तोंड देण्याची तयारी सारखी नसते. फरक पडतो तो तीन गोष्टींनी : झोप, सवय आणि अंग तापवणे. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिली गोष्ट झोपेची. ट्युनिशिया देशातल्या संशोधकांनी जूदो खेळणाऱ्यांवर एक प्रयोग केला. जूदो म्हणजे जपानी धाटणीची झोंबीच म्हणा. अंगरख्याला धरून आदळायचे. या खेळाडूंना एकदा रात्री फार उशिरा झोपू दिले, आणि एकदा वेळेवर झोपवून पहाटेच्या आधीच उठवले. दोन्ही वेळा झोप तुटलेलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आणि दुपारी चारला त्यांचा जोर मोजला. ज्या दिवशी रात्रीचा शेवटचा भाग कापला गेला होता, त्या दिवशी दुपारची ताकद स्पष्ट घसरलेली आढळली. दुपारी अंगाला जी भरती यायची, ती आलीच नाही. उशिरा झोपण्याने एवढे नुकसान झाले नव्हते. कारण उघड आहे : तीनला उठलेला गडी चार वाजेपर्यंत तेरा तास जागा असतो.

आपल्या पोरांच्या बाबतीत हे विशेष लक्षात घ्यायला हवे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. त्यातून या वयात अंगातले घड्याळ निसर्गतःच तास-दोन तास मागे सरकते. पोराला रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. त्याला आपण आळशी म्हणतो. आता हातात मोबाईलही आला आहे. त्याचा उजेड रात्री डोळ्यांवर पडला, की घड्याळ आणखी मागे जाते. अकराला झोपणाऱ्या मुलाला चारला तालमीत उभे केले, तर त्याच्या खुराकातले बदाम आणि दूध काय करतील? झोप हाही खुराकच आहे, आणि त्याला पैसा पडत नाही. पहाटेची तालीम ठेवायची असेल, तर रात्री नऊच्या आत अंथरूण, हे वस्तादांनी तितक्याच कडकपणे पाळायला लावले पाहिजे.

आपल्या जुन्या तालमींत एक रीत होती आणि अजूनही आहे. पैलवान सकाळची मेहनत झाली, जेवण झाले, की दुपारी निवांत ताणून देतात. लोक त्यांना हसतात. परंतु रात्रीची झोप अपुरी झाली असेल, तर दुपारी जेवणानंतर अर्धा तास डोळा लागल्याने संध्याकाळचे काम सुधारते, असे प्रयोगांतही दिसून आले आहे. जुन्यांची ती रीत उगीच नव्हती.

दुसरी गोष्ट सवयीची. एखादा माणूस रोज सकाळी ठरल्या वेळी मेहनत करू लागला, तर काही आठवड्यांत त्याचा सकाळ-संध्याकाळचा फरक बराच बुजतो. अंग त्या वेळेला शिकते. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकात पोहण्याच्या अंतिम शर्यती नेहमीप्रमाणे संध्याकाळी न ठेवता सकाळी ठेवल्या होत्या, कारण अमेरिकेत त्या वेळी संध्याकाळ असते आणि तिथल्या लोकांना त्या दूरचित्रवाणीवर पाहता याव्यात. तरीही त्या सकाळच्या शर्यतींत अनेक विश्वविक्रम मोडले. त्यांतले काही श्रेय त्या वेळच्या नव्या पोहण्याच्या पोशाखाचे होते हे खरे. पण खेळाडूंनी सकाळच्या शर्यतीची तयारी आधीपासून केली होती, हेही तितकेच खरे. तयारी असेल तर सकाळही आपली होते, एवढे यावरून समजावे.

खाशाबा जाधवांची गोष्ट इथे आठवते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल, तांबड्या मातीत वाढलेला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला, तिथे त्याला मॅटवर लढावे लागले, नियमही परके. तरी सहावा आला. परत येऊन त्याने मॅट आणि तिचे नियम लक्षात घेऊन तयारी केली, आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. जिथे लढायचे त्या जमिनीवर सराव केला पाहिजे, हा धडा आपण त्यांच्याकडून घेतलाच आहे. त्याला एवढीच जोड द्यायची : ज्या वेळी लढायचे, त्या वेळीही सराव केला पाहिजे.

तिसरी गोष्ट अंग तापवण्याची. पहाटे तालमीत गेलेल्या पोराला वस्ताद आल्याबरोबर लढतीला सोडत नाहीत. आधी फावड्याने हौद उकरायचा, माती खाली-वर करायची, मग जोर, मग बैठका. अंगाला घाम फुटला म्हणजे जोड धरायची. बैलालाही आपण गोठ्यातून सोडून एकदम चढावर भरल्या गाडीला जुंपत नाही, तसेच हे. निसर्गाने संध्याकाळी जी ऊब फुकट दिलेली असते, ती सकाळी आपल्याला घामाने मिळवावी लागते. म्हणून स्पर्धा सकाळची असेल, तर अंग तापवायला संध्याकाळपेक्षा जास्त वेळ द्यावा, आणि कुस्तीचा पुकारा होईपर्यंत अंगावर जाड कपडा ठेवावा.

सकाळच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी सांगतो. रात्रभर आडवे पडल्यावर आपल्या कण्याच्या मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी उठल्याबरोबर माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो. या फुगलेल्या गाद्यांवर वाकताना ताण जास्त येतो. तेव्हा उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात खोल वाकून वजन उचलणे, पूल बांधणे, जोडीदाराला उचलून आपटणे टाळावे. कंबर धरली म्हणून तालीम सुटली, असे किती पोरांचे होते ते वस्तादच सांगतील.

वजनाच्या काट्यालाही वेळ कळते. दिवसभरात आपण खातो-पितो, त्यामुळे संध्याकाळी वजन सकाळपेक्षा जास्त भरते; किलोभराचा फरक सहज पडतो. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकात विनेश फोगाटने ६ ऑगस्टला एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठली. लढायचे तर दिवसभरात पाणी आणि अन्न घेणे भागच होते. रात्रभर वजन उतरवण्याची खटपट करूनही दुसऱ्या दिवशी सकाळच्या काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरले, आणि ती स्पर्धेतून बाद झाली. सबंध देश हळहळला. ती मोठ्या मैदानातली मुरलेली मल्ल होती, तिच्याबरोबर डॉक्टर होते. शाळेच्या पोराला मात्र खालच्या गटात बसवण्यासाठी आदल्या रात्री उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, घोंगडी पांघरून पळवणे, हा प्रकार गुरुजींनी मुळीच करू नये. त्याने झोपही जाते आणि जोरही जातो. पोराचे वजन महिनाभर आधीपासून, रोज सकाळी उठल्यावर एकाच वेळी करावे आणि त्यावरून त्याचा खरा गट ठरवावा.

शिक्षक बंधु-भगिनींना एक प्रयोग सुचवतो. खर्च काही नाही. एक थर्मामीटर, एक फीत आणि एक वही. सात-आठ मुले निवडा. आठवडाभर सकाळी सात, दुपारी बारा आणि सायंकाळी पाच वाजता प्रत्येकाचे तोंडातले तापमान घ्या. त्याआधी अर्धा तास कोणी चहा-पाणी प्यायचे नाही आणि धावायचे नाही, एवढे सांभाळा. आणि दुसऱ्याच्या तोंडात देण्याआधी थर्मामीटर नीट धुऊन घ्या. मग दोन-चार बैठका मारायला लावून, उभ्या जागेवरून लांब उडी मारायला सांगा आणि फितीने मोजा. आकडे वहीत लिहा, शेवटी आलेख काढा. बहुतेक मुलांची रेघ संध्याकाळी वर गेलेली दिसेल. एखाददुसऱ्याची तशी जाणार नाही. काही माणसे जन्माचीच सकाळची असतात, काही संध्याकाळची. तोही एक धडाच आहे. विज्ञानाचा तास, गणिताचा तास आणि खेळाचा तास एकाच वहीत होईल, आणि कोणता पोरगा कोणत्या वेळेचा आहे हेही तुम्हांला कळेल.

आता थोडक्यात हिशोब मांडू. स्पर्धा संध्याकाळची असेल, तर पोराला पहाटे उगीच उठवू नका, दुपारी थोडे पडू द्या. स्पर्धा सकाळची असेल, तर निदान तीन-चार आठवडे आधीपासून त्याच वेळी सराव सुरू करा, रात्री लवकर झोपवा, सकाळी उठल्यावर उजेडात आणा. तालुक्याचे गाव लांब असेल, तर पहाटे तीनला गाडी काढण्यापेक्षा आदल्या संध्याकाळीच तिथे जाऊन एखाद्या शाळेत मुक्काम करा. गावच्या पंचांनी ठरवले तर त्या मुक्कामाचा खर्च काही फार नाही. ज्या गावाला पोराच्या हातावर शंभराची नोट ठेवता येते, त्या गावाला त्याची एक रात्रीची झोपही विकत घेता येईल.

शेवटी एक सांगतो. घड्याळ कोणाला कुस्ती जिंकून देत नाही. ज्याला डाव येत नाही, ज्याच्या मांडीत बळ नाही, त्याला पाच वाजताही कोणी वाचवणार नाही. पण बरोबरीच्या जोडीत जेव्हा केसाएवढे अंतर उरते, तेव्हा ते अंतर कशाने पडले हे आपल्याला ठाऊक असावे. पोरगा हरला की आपण त्याच्या मनाला दोष देतो, मेहनतीला दोष देतो. पुढच्या वेळी तो दोष देण्याआधी त्याला एवढेच विचारा, "बाळा, काल रात्री किती वाजता झोपलास, आणि आज किती वाजता उठलास?"